आवळायचं नाही, बसवायचं

भाताची आवणी उरकून भोसरीच्या कारखान्यात परत गेलो की पुढचे आठ दिवस मला भिंगाला हात लावू देत नसत. त्यात कुणाचा राग नव्हता. आठवडाभर चिखलात रोपं लावली की बोटांची टोकं फाटतात, कातडीला बारीक कुसळं उभी राहतात आणि बोटांवर चढवायचं पातळ रबर ती टराटरा फाडतात. त्याहून वाईट म्हणजे बोटांची जाण जाते. आमच्या कामात रिंगेचा अर्धा आटा आणि पाव आटा यांतला फरक डोळ्यांआधी बोटांना कळावा लागतो. तेव्हा ते आठ दिवस मी स्क्रू धुवायचो, सुटे भाग मोजून डब्यांत लावायचो आणि रात्री खोलीवर पायाच्या भेगांना लावायचं मलम हातांना चोळायचो.

गाव घाटघर. शेजारच्या अकोले तालुक्यातही एक घाटघर आहे, वीजप्रकल्पाचं. ते नव्हे. आमचं जुन्नरचं, नाणेघाटाच्या तोंडाशी, जीवधनच्या पायथ्याला. भात, नाचणी, हिरडा आणि चार महिने पाऊस, एवढीच मिळकत. नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे आणि त्यात दान दिलेल्या गाई-घोड्यांचे, नाण्यांचे आकडे कोरलेले आहेत. देशातल्या फार जुन्या आकड्यांमध्ये त्यांची गणना होते. लहानपणी त्या लेण्यात आम्ही गुरं आडोशाला बांधत होतो. आकडे तिथे आहेत हे मला भोसरीत, मोजमापाच्या धंद्यात वीस वर्षं काढल्यावर एका साहेबांनी सांगितलं.

आयटीआयला फिटर झालो आणि चिकटलो ते भिंगं बसवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात. घरी सांगितलं तेव्हा आज्याने विचारलं, "चष्म्याची का रं?" नाही म्हटल्यावर त्याचा रस संपला. खरं तर समजावून सांगायला सोपं आहे. मोटारीचा एखादा शाफ्ट घ्यायचा, त्याच्या मागे दिवा ठेवायचा, पुढे भिंगांची नळी आणि तिच्या मागे कॅमेरा. कॅमेऱ्याला शाफ्टची सावली दिसते आणि त्या सावलीवरून जाडी मायक्रॉनमध्ये मोजली जाते. शाफ्ट जरा पुढेमागे झाला तरी सावलीचं माप बदलू नये अशी भिंगांची खास मांडणी असते. चाकणच्या मोटार कारखान्यांच्या लाइनवर असे शेकडो डोळे बसलेत. भिंग घासणारे वेगळे, त्यावर कोटिंग चढवणारे वेगळे. आमचं काम त्या काचा धातूच्या कडीत, म्हणजे सेलमध्ये, बसवण्याचं. ऐकणाऱ्याला वाटतं, हे तर शेवटचं किरकोळ काम. मलाही पहिलं वर्षभर तसंच वाटलं.

आमच्याकडे एक वयस्क कारागीर होते. सगळे त्यांना मामा म्हणायचे. मला ते नावाने हाक मारत नसत, "घाटघर" म्हणायचे. पहिल्याच महिन्यात मी भिंग सेलमध्ये धरून ठेवणारी आट्यांची रिंग आवळली आणि बारीक टिक असा आवाज आला. कडेला नखाएवढा टवका उडालेला. मामा आले, टवका पाहिला आणि म्हणाले, "आरं घाटघर, नट आवळतात. भिंग बसवतात."

मग त्यांनी एक गोष्ट दाखवली. काचेची सपाट चकती सेलमध्ये ठेवली, वर तपासणीची सपाट काच टेकवली आणि सोडियमचा पिवळा दिवा लावला. चकतीवर काळ्या-पिवळ्या पट्ट्या उमटल्या, सरळ, नांगरटीच्या तासांसारख्या. एका पट्टीपासून दुसरीपर्यंत दोन काचांमधल्या फटीत सुमारे ०.३ मायक्रॉनचा फरक असतो. डोक्याचा केस साठ-सत्तर मायक्रॉनचा धरला तर त्याचा दोनशेवा हिस्सा. मामांनी रिंग बोटाने किंचित पुढे नेली. पट्ट्या वाकल्या. सोडली, सरळ झाल्या. मग म्हणाले, आता नुसतं बोट ठेव. मी काचेवर बोट टेकवलं, दहापर्यंत मोजलं आणि उचललं. जिथे बोट होतं तिथे पट्ट्यांना टेंगूळ आलेलं. माझ्या बोटाच्या उबेने काच फुगली होती! मिनिटभराने टेंगूळ विरलं. काच कडक असते, ती वाकत नाही, एकदम फुटते, हा माझा समज त्या मिनिटात गेला. काच सगळं सोसते आणि सोसल्याचं दाखवतेही, पण त्यासाठी पिवळा दिवा लावून बघावं लागतं.

त्यानंतर कितीतरी वर्षांनी जे घडलं ते सविस्तर सांगतो, कारण या धंद्यात मी जे काही शिकलो त्यातलं अर्धं त्या एका डिसेंबरात शिकलो.

चाकणच्या बाजूच्या एका गिऱ्हाइकाने आमच्या चार नळ्या परत पाठवल्या. तक्रार विचित्र होती. सकाळच्या पाळीत मशिन चांगले शाफ्ट बाद करायचं आणि अकरानंतर तेच शाफ्ट पास करायचं. तिथला ऑपरेटर म्हणाला होता, सकाळी मशिन झोपेत असतं. आम्ही नळ्या आमच्या वातानुकूलित खोलीत, बावीस अंशांना तपासल्या. चारही ठणठणीत. परत पाठवल्या, परत आल्या. तिसऱ्यांदा गिऱ्हाइकाचा माणूस स्वतः आला आणि जे बोलायचं ते बोलला. साहेबांनी आमच्याकडे पाहिलं, आम्ही मामांकडे. भिंगं मी बसवली होती.

मामांनी एवढंच विचारलं, "त्यांची शेड बंद हाये का उघडी?" उघडी होती.

इथे थोडा हिशेब करावा लागतो. काच तापली की दर अंशाला दहा लाखांत सात भाग वाढते, अॅल्युमिनियम तेवीस भाग. सेल अॅल्युमिनियमचा, भिंग साठ मिलिमीटर व्यासाचं. म्हणजे एक अंश थंडी वाढली की सेल भिंगापेक्षा जवळजवळ एक मायक्रॉन जास्त आकसतो. बावीस अंशांना बसवलेला सेल पहाटे दहा अंशांवर आला तर साडेअकरा मायक्रॉनांनी आवळला जातो. डिझाइनच्या साहेबांना हे ठाऊक होतं. त्यांनी सेलचं भोक भिंगापेक्षा अठरा मायक्रॉन मोठं ठेवलं होतं. पाच अंशांपर्यंत थंडी पडली तरी भिंग मोकळंच राहावं. हिशेब चोख होता. भोकं आम्ही बोअर गेजने मोजली होती, चारही दिशांनी, आणि प्रत्येक ठिकाणी तोच आकडा आला होता. मग घासत कुठे होतं?

मामांनी एक नळी रात्री कारखान्याच्या गच्चीवर ठेवली. पहाटे साडेपाचला आम्ही दोघं स्वेटर-कानटोपी घालून वर गेलो. गच्चीच्या दुसऱ्या टोकाला बॅटरी, तिच्यावर चॉकलेटचा चंदेरी कागद आणि कागदाला सुईचं भोक, हा आमचा तारा. नळीच्या मागून छोट्या मायक्रोस्कोपने त्याचं बिंब पाहिलं. खोलीत गोल दिसणारा ठिपका त्या पहाटे तिकोनी होता. समोश्यासारखा. मी पाहिलं, डोळे चोळले, पुन्हा पाहिलं. मामा खाली चहा सांगायला निघून गेले. त्यांना उत्तर कळलं होतं, मला नव्हतं. ऊन वर आलं तसा समोसा हळूहळू गोल होत गेला. साडेदहाला तिथे तारा होता.

तिकोनी म्हणजे तीन जागी पकडलेलं. आता तीन कुठून आले? लेथच्या चकाला तीन जबडे असतात. सेल पातळ, तीन जबड्यांनी बाहेरून धरला की किंचित दबतो. दबलेल्या अवस्थेत टर्नर आतून अगदी गोल भोक पाडतो. जबडे सोडले की बाहेरची बाजू पुन्हा गोल होते आणि आतलं भोक तीन फुगीर बाजूंचं होऊन बसतं. हे बोअर गेजने सापडत नाही, आणि त्यातच सगळी फसगत आहे. अशा आकारात एका बाजूला फुगा असेल तर बरोबर समोर दाब असतो. समोरासमोर मोजलं की दोन्हींची बेरीज तेवढीच येते. आकार गोल नाही, पण व्यास सगळीकडे सारखा! आम्ही चार दिशांनी मोजलं, चाळीस दिशांनी मोजलं असतं तरी तेच उत्तर आलं असतं.

सेल फिरत्या टेबलावर ठेवून आत डायलचं बोट टेकवलं तेव्हा काटा एका फेऱ्यात तीनदा वर गेला, तीनदा खाली. मधल्या रेषेच्या चार मायक्रॉन इकडे, चार तिकडे. म्हणजे तीन जागी भोक व्यासात आठ मायक्रॉन लहान. अठरातून आठ गेले, राहिले दहा. पहाटेच्या थंडीला हवे होते साडेअकरा. दीड मायक्रॉनसाठी चाकणच्या शेडमध्ये चांगले शाफ्ट भंगारात चालले होते.

दोष टर्नरचा म्हणायचा तर त्याने ड्रॉइंगप्रमाणे माप दिलं होतं. दोष माझा म्हणायचा तर मी अगदी हलक्या हाताने बसवलं होतं. साहेबांनी ड्रॉइंगवर व्यास लिहिला होता, गोलाई लिहिली नव्हती. पण तेव्हा या वाटण्यांपेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीची चीड आली. आम्ही चांगलं मोजलं होतं, मन लावून मोजलं होतं, आणि चुकीची गोष्ट मोजली होती. त्यानंतर शेवटचा कट घेताना सेल बाजूने धरायचा नाही, तोंडावरून दाबून धरायचा, आणि प्रत्येक नग डायलवर फिरवायचा, असा नियम झाला. पगारातून काही कापलं गेलं नाही. पण त्या वर्षीची बढती पुढे ढकलली गेली, हेही लिहून ठेवतो.

मोठ्यांचीही अशीच फसगत होते, हे मामांनीच सांगितलं. १९९० साली हबल दुर्बीण अवकाशात सोडली आणि तिचं चित्र धूसर निघालं. तिचा २.४ मीटरचा आरसा अतिशय गुळगुळीत घासला होता, पण चुकीच्या आकारात. कडेला २.२ मायक्रॉन जास्त सपाट. कारण, आरसा घासताना ज्या उपकरणाने तपासत होते त्याच्यातलंच एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसलं होतं. भिंगाची जागा ठरवणाऱ्या दांडीच्या टोकावर एक टोपण होतं. त्याचा काळा थर एका जागी उडालेला, आणि प्रकाश दांडीऐवजी टोपणावरूनच परत आला. त्या मापाप्रमाणे भिंग जागेवर बसेना तेव्हा बसवणाऱ्यांनी खाली वॉशर घातले. दुसऱ्या दोन साध्या उपकरणांनी चूक दाखवली होती, पण ती कमी अचूक म्हणून त्यांचं कुणी ऐकलं नाही. १९९३च्या डिसेंबरात अंतराळवीर वर जाऊन तिला जणू चष्मा लावून आले. मामा हे सांगताना वॉशरपाशी थांबायचे. "जागंवर बसंना तवाच थांबायचं व्हतं," म्हणायचे. वॉशर घालण्याआधी आमच्याकडे अजूनही कुणी तरी हबलचं नाव घेतं.

नव्या पोरांना मी शिकवतो तेव्हा घाटघरच्या चुलीपासून सुरुवात करतो. तीन दगडांची चूल कितीही खडबडीत जागी मांडा, वरचं भांडं डुगडुगत नाही. घरातली चार पायांची खाट मात्र सारवलेल्या जमिनीवर नेहमी एक पाय उचलून असते, मग त्याखाली कागदाची घडी घाला. तीन टेकू पुरतात, चौथा भांडण लावतो. डुगडुग थांबवायला तीन पुरले, तरी वस्तू पुरती धरायची तर हिशेब सहाचा. ती सहा तऱ्हांनी हलू शकते, तीन दिशांना सरकते आणि तीन अक्षांभोवती फिरते. सहा हालचालींना सहाच टेकू द्यायचे. केल्व्हिनच्या नावाने ओळखली जाणारी बैठक अशीच असते. वरच्या प्लेटला तीन गोळ्या, खालच्या प्लेटवर एकीसाठी खळगा, दुसरीसाठी पन्हळ, तिसरीसाठी नुसती सपाट जागा. खळगा तीन हालचाली रोखतो, पन्हळ दोन, सपाटी एक. प्लेट उचला, पुन्हा ठेवा, मायक्रॉनच्या आत तिथेच बसते. सातवा टेकू द्याल तर वस्तू घट्ट होत नाही, वाकते. हे पोरांना लवकर पटत नाही. घट्ट म्हणजे चांगलं, हे त्यांच्या हातात मुरलेलं असतं. माझ्याही होतं.

आणि सिलिकॉन शिकवताना चुंबळ. आई डोक्यावर दोन हंडे घेऊन खडकाळ वाटेने यायची, हात मोकळे. डोकं आणि हंडा यांच्यामध्ये कापडाची चुंबळ. डोकं इकडे झुकलं, हंडा तिकडे, चुंबळ दोघांचं सांभाळून घ्यायची. काही भिंगं आम्ही रिंगेने धरतच नाही. कडेभोवती मऊ सिलिकॉन भरतो. सिलिकॉन धातूपेक्षाही कितीतरी पटींनी जास्त फुगतं आणि आकसतं. त्याची जाडी बरोबर हिशेबाने ठेवली की उन्हाळ्यात सेल काचेपासून जेवढा लांब जातो तेवढीच जागा ते भरतं आणि थंडीत तेवढीच सोडतं. काचेला ऋतू कळत नाही. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, त्याला कंपनीत कशाला जायला पाहिजे.

आमच्या दोन तालुक्यांत या विद्येची दोन टोकं आहेत, आणि गावाकडची पोरं दोन्हींच्या आसपास गुरं चारतात. जुन्नरात खोडदला गोविंद स्वरूप यांनी उभारलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, तारेच्या जाळीच्या. जाळीची भोकं दहा ते वीस मिलिमीटरची, आरपार आभाळ दिसतं. तिच्याकडे येणाऱ्या रेडिओलहरी वीसेक सेंटिमीटरपासून काही मीटर लांबीच्या, त्यांना ही जाळी आरशासारखीच लागते. आंबेगावात घोडेगावजवळ गिरवलीला पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेची दुर्बीण आहे, २००६ पासून. तिचा आरसा दोन मीटरचा, आणि तो पकडतो दृश्य प्रकाश, ज्याची लहर अर्ध्या मायक्रॉनची. तिथे जाण्याचा एकदा योग आला. सोबतचे लोक ताऱ्यांबद्दल विचारत होते. मी आरशाच्या मागची बाजू बघता येते का ते बघत होतो. दुर्बीण वळली की आरशाचं वजन टेकूंवर सारखं पडत नाही. सरळ वर पाहताना ते पाठीवर येतं, कललं की कडेवर जाऊ लागतं. आपली भिंगं निदान एकाच स्थितीत पडून असतात. ज्यांनी तो आरसा बसवला त्यांना मी मनात हात जोडले. पावसाळ्यात ती दुर्बीण बंद असते, हे मात्र कुणी न सांगता समजलं. आमच्याकडच्या पावसात आभाळ कुठे असतं?

आमच्याकडच्या पावसाने मला एकदा धडाही दिला. बाद झालेलं एक सुंदर भिंग मी हौसेने घरी नेलं आणि देव्हाऱ्याशेजारी फळीवर ठेवलं. आश्विनात पाहिलं तर काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे पसरलेले. बुरशी. काचेवर बुरशी चढते, आणि पुसली तरी तिच्या आम्लाने कोटिंगवर ओरखडा राहतो. ते भिंग अजून फळीवर आहे. आई त्याने तांदळातले खडे बघते.

मागच्या श्रावणात मी सुट्टीवर होतो. उलट्या धबधब्यासाठी नाणेघाटात गाड्यांची रांग लागलेली. वहिनीची तिथे चहा-भज्यांची टपरी आहे, तिथे बसलो होतो. पुण्याकडचा एक पोरगा कॅमेऱ्याच्या भिंगावरचा फिल्टर काढायला झटत होता, तोंड लाल. पावसाचं पाणी आत गेलं होतं आणि फिल्टर निघत नव्हता. त्याच्या मित्राने बोटांच्या चिमटीत धरून आणखी जोर लावला. मी म्हटलं, "दादा, जोर कमी करा. दोन बाजूंनी दाबलं की ती रिंग अंडाकृती होते आणि आट्यांत अडकते." त्यांना वाटलं हा टपरीवरचा माणूस काय सांगतोय.

वहिनीकडून पार्सलच्या पिशवीचं जाड रबर घेतलं, फिल्टरभोवती गुंडाळलं, पाचही बोटं चारी बाजूंनी नुसती टेकवली आणि फिरवलं. निघाला. तुमचा कधी अडकला तर असंच करा, आणि काचेवरचं पाणी शर्टाच्या टोकाने पुसू नका. पोराने चहाचे पैसे देताना वीस रुपये जास्त ठेवले. वहिनीने ते परत केले आणि रबर मागून घेतलं.